जुन्या सर्व्हरवरच्या ताई

आमच्या ऑफिसात कुणाचाही पासवर्ड गुपित नव्हता. गोदामप्रमुखांचा म्हणजे त्यांच्या मोटरसायकलचा नंबर, रोखपालांचा म्हणजे मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. साहेबांनी तर आपला पासवर्ड टेबलाच्या काचेखालीच सरकवून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता येईल असा. माल पाठवण्याच्या टेबलावर बसून बसून मला हे सगळे आपोआप पाठ झाले होते. माहीत नव्हता तो एकीचाच, माझ्या नणंदेचा.

त्यांना सगळं ऑफिस ताई म्हणायचं, मीही ताईच म्हणते. हिशेब खात्यात खिडकीजवळचं टेबल त्यांचं. सकाळी आल्या की पर्स खुर्चीला अडकवायच्या, चष्मा पुसायच्या आणि खिडकीबाहेर बघत पासवर्ड टाकायच्या. कीबोर्डकडे लक्ष नाही, स्क्रीनकडे नाही. बोटं नुसती तडतडायची. ताई पासवर्ड टाकत नाहीत, फोडणी टाकतात, असं मी म्हणायचे. त्यावर त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "तुझ्या टेबलावरची चलनं झाली का? मग तिकडे तोंड चालव."

आईवडील लागोपाठ गेले तेव्हा ताई नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडल्या होत्या आणि माझा नवरा शाळेत होता. पंप आणि पाइपांचे सुटे भाग विकणाऱ्या या कंपनीत त्या लागल्या, त्या पैशावर भावाचं शिक्षण झालं, आणि त्याला इथेच कॉम्प्युटरचं काम मिळालं तेही ताईंच्या शब्दावर. लग्नाचा विषय कुणी काढला की म्हणायच्या, "महिनाअखेर होऊ दे." महिनाअखेरी काही संपल्या नाहीत. मला या घरात आणलं तेही त्यांनीच. म्हणाल्या, "माझा भाऊ अबोल आहे, घरात कुणीतरी बोलणारं हवं." नंतर अनेकदा कपाळाला हात लावला असेल त्यांनी, पण आम्ही तिघं एका घरात सुखाने राहिलो. भांडलो ते रिमोटवरून आणि गॅस कुणी चालू ठेवला यावरून.

कामात मात्र त्या कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत. शिक्का नसलेलं बिल आलं की ते आणणाऱ्याच्या अंगावर परत. विक्रीवाले त्यांच्या टेबलाशी येण्याआधी शर्ट नीट खोचायचे. प्रत्येक बिल मशीनमध्ये चढवलं की त्यावर लाल पेनने बारीकशी टिक करायच्या, आणि ती टिक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खुद्द साहेब म्हणायचे, टिक असेल तर मला दाखवूही नका.

मग नवा सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे ज्या एका मोठ्या मशीनमध्ये सगळ्या ऑफिसचे हिशेब राहतात ते. जुना कुरकुरायला लागला होता. आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं माझा नवराच बघतो. गळ्यात कायम एखादी केबल असते म्हणून ऑफिसात त्यांना तारमास्तर म्हणतात. त्यांनी जेवताना आम्हाला समजावून सांगितलं. सगळे हिशेब उचलून नव्या मशीनवर ठेवता येतात. कुणाकुणाला आत जायची मुभा आहे ती नावंही जातात. पासवर्ड मात्र जात नाहीत.

"का नाही जात? त्यांना काय वेगळं तिकीट लागतं?" मी विचारलं.

"पासवर्ड मशीनमध्ये सरळ लिहिलेला नसतो. आमच्या प्रोग्रॅममध्ये त्यात जुन्या सर्व्हरचं नाव मिसळून त्याचा काला केलेला असतो. नव्या सर्व्हरचं नाव वेगळं. त्यामुळे तोच पासवर्ड टाकला तरी हिशेब जुळत नाही. सगळ्यांना एकेक करून नवा द्यायचा."

"म्हणजे माणसं तीच, घर तेच, आणि किल्ल्या नव्या," ताई म्हणाल्या. "बरं आहे. तुमच्या त्या उघड्या किल्ल्या तरी बदलतील."

एका दुपारी सगळ्यांचं उरकलं. तारमास्तर प्रत्येकाला एक तात्पुरता पासवर्ड द्यायचे, माणूस आपल्या टेबलावर जाऊन स्वतःचा नवा ठरवायचा. ऑडिटरांनी नियमही कडक केले होते. पासवर्ड लांबलचक हवा, त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि जुना अजिबात चालणार नाही. ताईंनीही नवा ठरवला. दुसऱ्या दिवशी तो त्यांना आठवला नाही.

त्यात काही विशेष नव्हतं, गोदामप्रमुखही विसरले होते. पण गोदामप्रमुख तिसऱ्या दिवशी शिकले आणि ताई शिकल्या नाहीत. रोज सकाळी तीनदा चुकायचं, खातं बंद पडायचं, आणि तारमास्तर येऊन ते उघडून द्यायचे. रोखपाल विचारायचे, "ताई, आजचा ताजा पासवर्ड आला का?" सगळे हसायचे. ताईही हसायच्या, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. ह्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला तर म्हणाल्या, "माझ्याच घरात मी चिठ्ठी बघून शिरू?" तरी चिठ्ठी ठेवली. आणि मग ती चिठ्ठी कुठे ठेवली हे विसरल्या.

एकदा हे कंटाळून म्हणाले, "ताई, तुझा जुना काय होता तो सांग. नियमबियम बाजूला ठेवून मी तोच बसवतो."

ताईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. "सांगता येत नाही रे छोट्या," त्या म्हणाल्या. "बोटांना येतो."

"मग बोटांनीच टाक."

नव्या स्क्रीनवर दोन चौकोन होते, नवा पासवर्ड आणि पुन्हा नवा पासवर्ड. ताईंनी एकात टाकला, दुसऱ्यात टाकला, दोन्ही जुळेनात. पुन्हा टाकला. पुन्हा नाही. शब्दाकडे लक्ष गेलं की बोटं अडखळायची. शेवटी ह्यांनी त्यांना कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरशी नेलं. तो अजून बंद केलेला नव्हता. तिथे तीच जुनी निळसर स्क्रीन आली. ताईंनी भिंतीकडे बघितलं, बोटं तडतडली, आणि हिशेब उघडले.

मी दारात उभी होते. ताई खुदकन हसल्या. ह्यांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. मला तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर ते नुसतेच कॉटवर बसून राहिले आणि मग म्हणाले, "तिच्या डोक्यात नवीन काही राहत नाहीये. पासवर्डच नाही, काहीच. तिनं काल मला एकच गोष्ट चारदा विचारली." मग मलाही आठवायला लागलं. गॅस. किल्ल्या. फोनवर बोलता बोलता हरवलेलं माणसाचं नाव. आम्ही त्यावर भांडलो होतो, चिडवलं होतं. मला माझीच जीभ टोचायला लागली.

डॉक्टरांकडे चला म्हटलं तर ताईंनी उडवून लावलं. निवृत्तीला थोडाच अवकाश होता, आणि त्या खुर्चीवरून स्वतःच्या पायांनी, मानाने उठायचं एवढीच त्यांची इच्छा होती. "उठवलं म्हणून उठले असं होता कामा नये," त्या मला म्हणाल्या होत्या. आणि ऑफिसात तर कुजबुज सुरू झालीच होती. साहेब ह्यांना विचारत होते, ताईंचं काय चाललंय.

तेव्हा ह्यांनी एक उद्योग केला. साहेबांना सांगितलं की जुना सर्व्हर अडीनडीला हाताशी असावा म्हणून चालू ठेवतो. नव्याची पूर्ण नक्कल पहाटे आपोआप जुन्यावर उतरेल अशी सोय केली. आणि ताईंचं टेबल गुपचूप जुन्या सर्व्हरला जोडून दिलं. तीच निळसर स्क्रीन, तोच पासवर्ड, आणि आत कालपर्यंतचे सगळे ताजे हिशेब. दिवसभर ताई त्यावर बिलं चढवायच्या आणि संध्याकाळी हे त्यांची एकूणएक नोंद नव्यावर उतरवून घ्यायचे.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या, पर्स अडकवली, चष्मा पुसला, खिडकीबाहेर बघितलं. फोडणी बसली. रोखपालांकडे वळून म्हणाल्या, "आता बोला." त्या दिवशी त्यांनी दोन विक्रीवाल्यांची बिलं परत फेकली. मला इतकं बरं वाटलं की मी जाऊन त्यांचा ओरडा खाऊन आले.

पण ते फार दिवस टिकलं नाही. एक बिल भलत्याच पुरवठादाराच्या नावावर चढलं, ते उतरवून घेताना ह्यांच्याही लक्षात आलं नाही, आणि तो पुरवठादार तणतणत साहेबांपुढे येऊन उभा राहिला. ह्यांनी दोष स्वतःवर घेतला, मशीन बदलताना गडबड झाली म्हणाले. त्या दिवसापासून मात्र त्यांनी ताईंच्या नोंदी उतरवून घेणं बंद केलं.

"मग त्यांचं काम?" मी विचारलं.

"तू कर," हे म्हणाले. "दुपारी शिपाई तिचा कालचा गठ्ठा उचलतो, तो तुझ्याकडे येईल. नव्या सर्व्हरवर तिच्या नावाने मी पासवर्ड बसवलाय, तो तुला देतो."

"आणि त्या जे चढवतात ते?"

"पहाटे नव्याची नक्कल येते, तिच्याखाली पुसलं जातं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, बाई दिवसभर मान मोडून काम करते आणि तुम्ही ते रोज पुसता? लहान मुलाच्या हातात खोटा फोन देतात तसं चाललंय हे."

"तिला खुर्ची हवी आहे ना?" ते म्हणाले. "मग मी दुसरं काय करू? तू सांग. तू सांगशील ते करतो."

एवढी फटकळ बाई मी, पण ह्यांच्याकडून पासवर्ड लिहून घेतला. दुसऱ्या दिवसापासून ताईंच्या पासवर्डने मी आत जायला लागले. रोज दुपारी कालचा गठ्ठा माझ्यापुढे यायचा, प्रत्येक बिलावर लाल टिक, आणि मी ते पुन्हा चढवायचे. सांगते ती गोष्ट खरी आहे, त्या गठ्ठ्यात चुका असतील म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि बहुतेक दिवस एकही सापडायची नाही.

थंडी सुरू झाली तशा ताई लवकर निघायला लागल्या. आम्ही अजून चहा घेत असायचो आणि त्या चप्पल घालून दारात. कशाला एवढ्या लवकर, तर म्हणे सकाळी रिक्षा मिळते. चेहरा उतरला होता. जेवण कमी झालं होतं. घरात बोलेनाशा झाल्या, मला टोमणा मारायच्याही बंद झाल्या. दुखणं वाढतंय असं आम्ही समजलो. एका सकाळी त्या डबा विसरून गेल्या म्हणून मी मागोमाग निघाले.

ऑफिसात झाडूवाल्या बाईशिवाय कुणी नव्हतं. ताई स्वेटर न काढताच टेबलाशी बसल्या होत्या. पुढे कालचा गठ्ठा. टिक केलेलं एकेक बिल उचलत होत्या आणि घाईघाईने पुन्हा चढवत होत्या. मला बघून त्यांनी गठ्ठ्यावर हात ठेवला, चोरी सापडल्यासारखा. मग हात काढून घेतला.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला सांगते. पण त्याला सांगायचं नाही."

मी बसले.

"हे सगळं मी काल चढवलं होतं. मला आठवतंय गं. हे पंपाच्या झाकणांचं बिल, यावर आकडा पुसट होता म्हणून मी फोन करून विचारला होता. आणि सकाळी बघते तर मशीनमध्ये यातलं काही नाही. रोज असंच होतं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. मग दोन दिवसांनी बघावं तर असतं. मी कधी चढवते, कधी नाही, मलाच कळत नाही. आणि टिक तर माझीच आहे." त्यांनी ते बिल माझ्यापुढे धरलं. "म्हणजे मी न चढवताच टिक करते. जन्मात कधी खोटी टिक केली नाही मी. नावं विसरते ते मला समजत होतं, वय झालं म्हटलं. पण हे वेगळं आहे. जे झालंच नाही ते झालं म्हणून मला लख्ख आठवतं. याला वेड लागणं म्हणतात. मला वेड लागलंय."

त्यांना आठवत होतं ते सगळं खरं होतं. एकूणएक बिल त्यांनी चढवलेलं होतं. मी म्हणाले, "ताई, तसं नाहीये ते, ऐका." पण पुढे काय सांगू? तुमचा भाऊ रोज तुमचं काम पुसतो आणि मी ते मागाहून करते? तेवढ्यात रोखपाल आले, आणि ताईंनी स्क्रीनकडे तोंड फिरवलं.

मी ह्यांना गाठलं आणि जिन्याखाली ओढत नेऊन सगळं सांगितलं. "रविवारी सांगतो," म्हणाले. "घरी, शांतपणे. मीच सांगतो."

रविवार उजाडायच्या आधी ताईंनी राजीनामा दिला. मी त्यांना पकडलं त्याच दिवशी, दुपारी. साहेबांना म्हणाल्या, माझ्या लाल टिकेवर आता विश्वास ठेवू नका. साहेबांनी थांबा म्हणायला हवं तेवढं म्हटलं, आणि सुटलो असा चेहरा करून सही केली.

रविवार आला. मी ह्यांच्याकडे बघत होते. हे ताईंकडे बघत होते. ताई बाल्कनीत खुर्ची टाकून उन्हात बसल्या होत्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन हे हळूच म्हणाले, "आता कशाला सांगायचं? सुटली ना ती. शांत बसलीय. सांगितलं तर मी तिची किंमत कशी केली तेवढंच तिला कळेल." मला राग आला होता, पण खरं सांगायचं तर मीही थकले होते. मी भांडी घासत राहिले. त्या आठवड्यात ह्यांनी जुना सर्व्हर बंद केला. भंगारात देण्याआधी आतलं सगळं पुसायचं असतं, तसा नियमच आहे, कंपनीचे हिशेब बाहेर जाऊ नयेत म्हणून. ह्यांनी तो नियमाप्रमाणे काटेकोर पुसला.

आता डॉक्टरांकडे यायला ताई लगेच तयार झाल्या, आणि तेच मला जड गेलं. डॉक्टरीण बाई तरुण आणि मवाळ होत्या. त्यांनी चित्रं काढायला लावली, शब्द लक्षात ठेवायला लावले, मेंदूचे फोटो काढवून आणले. मग म्हणाल्या, सुरुवात आहे, पण सुरुवातच आहे. नवीन गोष्टी जड जातील. जुनी, हातातली कामं बरीच वर्षं करता येतील, ती करत राहायला हवीत, तेच औषध. काम सोडायची घाई करायला नको होती.

"डॉक्टर, तुम्हाला सगळं माहीत नाही," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी बिलांचं सांगितलं. अगदी हिशेब समजावून द्यावा तसं, पहिल्यापासून. रोज चढवलेलं आठवतं आणि रोज ते नसतं. डॉक्टरीण बाईंचं पेन थांबलं. "हे असं रोज व्हायचं?" त्यांनी विचारलं. "मग हे जरा निराळं आहे."

तेव्हा माझ्या नवऱ्याचा बांध फुटला. लग्नानंतर इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. जुना सर्व्हर, नवा सर्व्हर, पासवर्ड, पहाटेची नक्कल, सगळं सांगितलं. "ताई, तू चढवायचीस. खरंच चढवायचीस. मी पुसायचो. तुझी एकही टिक खोटी नव्हती." रडत होते.

ताई त्यांच्याकडे वळल्या. मला वाटलं आता भडकतील, थोबाडीत देतील. मी देवाला हात जोडले की द्या, द्या एकदा. ताईंनी हात उचलला आणि ह्यांच्या डोक्यावरून फिरवला.

"डॉक्टर, हा माझा भाऊ," त्या म्हणाल्या. "लहानपणीही मला बरं वाटावं म्हणून असंच काहीतरी रचून सांगायचा. छोट्या, माझं काम तू पुसशील? तू? मी काय ओळखत नाही तुला?"

"ताई, खरंच सांगतायत ते," मी म्हणाले. "मीच तर पुन्हा चढवायचे."

"तू गप्प बस. तुझं शिकवलेलं असणार हे."

डॉक्टरीण बाईंनी ह्यांना विचारलं, दाखवण्यासारखं काही आहे का, त्या मशीनमध्ये? ह्यांनी मानेनंच नाही म्हटलं. मशीन भंगारवाल्याकडे गेलं होतं, आणि त्यात आता कुणालाच काही सापडणार नव्हतं.

आता ताई घरीच असतात. दुधाचा हिशेब त्या बोटांवर क्षणात करायच्या, आता कागद माझ्याकडे सरकवतात. बाजारातून सुटे पैसे मोजून आणत नाहीत, हाताची मूठ तशीच माझ्यापुढे उघडतात. परवा भाजी चिरून झाल्यावर मला हाक मारली. ताटात चिरलेल्या भाजीचा ढीग होता, विळी धुऊन पुसून ठेवलेली होती.

"बघ गं जरा," त्या म्हणाल्या. "मी खरंच चिरलीय का?"